गरम पाण्याच्या कुंडात उतरायचे कसे?

थंडी पडू लागली की ठाणे, वसई, भिवंडीकडच्या घरांत एक बेत हमखास निघतो. रविवारी सकाळी लवकर निघायचे, वज्रेश्वरीचे दर्शन घ्यायचे, अकलोलीच्या नाही तर गणेशपुरीच्या कुंडात अंग शेकून घ्यायचे, जेवायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे. बेत आखताना मनात घरातली थोरली माणसे असतात. आजीचे गुडघे धरले आहेत, काकांना अर्धांगवायूनंतर एका पायात जोर नाही, त्यांना तेवढेच बरे वाटेल. प्रत्यक्षात कुंडापाशी पोचल्यावर मुले आणि तरणी मंडळी पाण्यात असतात, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ती माणसे काठावर बसून पायांवर तांब्याने पाणी घेत असतात. खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्या ओल्या असतात, शेवाळलेल्या असतात, आणि धरायला काही नसते.

कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेली दीडशे वर्षे लिहिले-बोलले जात आहे. भूवैज्ञानिक लिहितात, वैद्य लिहितात, ऊर्जेचे अभ्यासक लिहितात, पर्यटनाच्या योजना आखणारे लिहितात. हे पाणी तापते कशाने, त्याने गुण येतो का, त्यातून वीज काढावी का, आणि ते कुणाच्या ताब्यात असावे, असे चार प्रश्न या लेखनात फिरून फिरून येतात. पाचवा प्रश्न, म्हणजे पाण्यापर्यंत पोचता कुणाला येते हा, या चर्चेत फार उशिरा आला आणि अजूनही कोपऱ्यात उभा आहे. या पाचही प्रश्नांचे आज काय झाले आहे, ते एकेक करून पाहू.

उष्णता येते कुठून

पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरपर्यंत, समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या रेषेवर हे झरे ओवल्यासारखे आहेत. सातिवली, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोली तालुक्यातले उन्हवरे, मग अरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरचे उन्हाळे. अठराएक ठिकाणी मिळून झऱ्यांची संख्या साठच्या आसपास जाते. या पट्ट्याबाहेरही महाराष्ट्रात गरम पाणी आहे. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे, नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. पण एका ओळीत इतके झरे कोकणातच सापडतात.

सगळ्यांचे पाणी सारखे गरम नाही. उन्हेरे आणि राजापूर येथे ते चाळीस अंश सेल्सियसच्या आसपास असते, म्हणजे घरच्या कढत आंघोळीइतके. अकलोली-गणेशपुरीकडे ते पन्नाशी गाठते, तुरळला साठ, आणि उन्हवरे येथे सत्तर अंशांच्या घरात. हे आकडे पुढे महत्त्वाचे ठरणार आहेत, म्हणून येथेच सांगून ठेवले.

शास्त्रीय नोंदींची परंपरा जुनी आहे. थॉमस ओल्डहॅम यांनी केलेली देशभरातल्या उष्ण झऱ्यांची यादी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८८२ मध्ये छापली; तिच्यात सुमारे तीनशे झरे आहेत. त्याच संस्थेने १९९१ मध्ये भारताचा भूऔष्णिक नकाशासंग्रह काढला, आणि ही संख्या ३४०च्या आसपास गेली.

एका मुद्द्यावर आता मतभेद उरलेला नाही. कोकणातल्या पाण्याखाली धगधगता ज्वालामुखी नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा आहे आणि तो केव्हाच निवला आहे. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण पंचवीस ते तीस अंशांनी वाढते, त्यामुळे पुरेसे खोल गेलेले पाणी तापते, आणि पश्चिम किनाऱ्याला समांतर गेलेल्या भेगांतून दाब मिळाला की वर येते. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये कातळ जेथे वाकला आणि तडकला, तेथेच हे झरे का, याचे उत्तर या भेगांत आहे.

वाद आहे तो खारटपणाचा. बऱ्याच झऱ्यांच्या पाण्यात मीठ भरपूर असते. ते कधी काळी आत शिरलेल्या समुद्राच्या पाण्याचे, की कातळाखालच्या प्राचीन ग्रॅनाइटमधून विरघळून आलेले, यावर अभ्यासकांची दोन मते आहेत आणि दोन्हींना रासायनिक पुरावे आहेत. खोलवर पाणी किती तापलेले आहे, याचीही अनुमाने शंभर ते दीडशे अंशांच्या दरम्यान हेलकावतात. वरवर हा प्रयोगशाळेतला वाद वाटतो, पण वीज काढता येईल की नाही हे त्याच्यावरच ठरते.

देवी, नवस आणि पाण्यावरचा हक्क

कोकणात गरम पाण्याचा झरा आहे आणि शेजारी देऊळ नाही, असे सहसा होत नाही. उन्हेऱ्याला विठ्ठल आहे, राजवाडीला सोमेश्वर आहे, अकलोलीला रामेश्वर, गणेशपुरीला भीमेश्वर. वज्रेश्वरीच्या कथेत कुंडातल्या पाण्याची ऊब देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताची आहे. मंदिराचा इतिहास मात्र कागदावरचा आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला, १७३९ मध्ये किल्ला पडला, आणि नवस फेडताना मंदिराला किल्ल्याचेच रूप दिले गेले. गाभाऱ्याकडे जाताना ५२ पायऱ्या चढाव्या लागतात. विसाव्या शतकात गणेशपुरीला नित्यानंद स्वामी येऊन राहिले. १९६१ मध्ये त्यांनी देह ठेवला, आणि त्यानंतर या गावाचे नाव महाराष्ट्राबाहेरच नव्हे तर परदेशातही पोचले. तेथील कुंडांची नीट बांधणी स्वामींनी करून घेतली, असे भक्त सांगतात.

श्रद्धेच्या बाजूचे म्हणणे येथे नीट समजून घेतले पाहिजे. भाविकाच्या दृष्टीने हे स्नान आहे, उपचार नव्हे. त्याला डॉक्टरचा कागद लागत नाही आणि तिकीटही लागू नये. पाणी देवाचे आहे, म्हणून ते सर्वांचे आहे. ही भूमिका उदार आहे, आणि कुंडे आजवर फुकट आणि उघडी राहिली याचे श्रेय तिलाच द्यावे लागते.

पण “सर्वांचे” या शब्दाचा अर्थ या भूमीत लढून मिळवावा लागलेला आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला आणि सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. कागदावर. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, आणि न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. सवचे गरम झरे त्याच महाडच्या पंचक्रोशीत आहेत. सार्वजनिक पाण्यापर्यंत कुणी पोचायचे, हा प्रश्न कोकणाला नवा नाही, आणि पोचण्याचा हक्क मान्य होणे व प्रत्यक्ष पोचणे यांत किती अंतर असते, हेही कोकणाने पाहिले आहे.

गुण येतो का?

कुंडावर येणाऱ्यांना विचारले तर उत्तरे ठरलेली मिळतात: सांधेदुखी, कंबरदुखी, इसब, खरूज, नायटा. आयुर्वेदाला ही कल्पना परकी नाही. चरकसंहितेत अग्नीच्या साहाय्याने करायच्या स्वेदनाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला अवगाह म्हणजे गरम द्रवात बसून शेक घेणे. मात्र तेथे कोणाला स्वेदन करू नये याचीही सविस्तर यादी आहे. कुंडावर ती कुणाला ठाऊक नसते.

आधुनिक वैद्यकात या विषयावर दोन तट आहेत. युरोपात गरम खनिज पाण्याचा उपचार रुग्णालयांच्या चौकटीत आहे. फ्रान्समध्ये डॉक्टरने लिहून दिल्यास अठरा दिवसांच्या उपचाराच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारी आरोग्यविमा उचलतो. तेथल्या डॉक्टरांचे म्हणणे असे की, पाण्यात शरीराचा भार हलका होतो, ऊब स्नायू सैल करते, आणि घरच्या कटकटीपासून तीन आठवडे लांब राहिल्याने माणूस सुधारतो. या तिन्हींचा एकत्र परिणाम खरा आहे. दुसरा तट पुरावा मागतो. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने संधिवातावरच्या अशा स्नानांचे आढावे घेतले. झिजेच्या सांधेदुखीत खनिज पाण्याच्या स्नानाने थोडा आराम मिळतो असे दिसले, पण चाचण्या लहान आणि कच्च्या होत्या. आमवातासारख्या संधिवातात ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही.

मला स्वतःला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन्ही तट ज्या गोष्टीवर सहमत आहेत ती छोटी नाही: कोमट ते गरम पाण्यात काही वेळ बसल्यावर आखडलेले अंग मोकळे होते आणि त्या रात्री झोप लागते. वर्षभर दुखणे सोसणाऱ्याला असा एक दिवस हवासा वाटतो, आणि त्यासाठी पाणी चमत्कारी असावे लागत नाही. खनिजांचा हिशेब वेगळा लागेल तेव्हा लागो.

धोके मात्र वादातीत आहेत आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोलले जाते. साठ अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत त्वचा भाजते, पन्नास अंशांच्या पाण्याला काही मिनिटे लागतात. तुरळ आणि उन्हवरे येथे झऱ्याच्या तोंडाशी हे पाणी काय करील, ते वेगळे सांगायला नको. अनेक ठिकाणी ते एका कुंडातून दुसऱ्या कुंडात निववत नेतात. कोणते कुंड सोसवेल, हे नेहमी येणारे पायाचा अंगठा बुडवून सांगतात. पण मधुमेहाने ज्याच्या पायांची संवेदना गेली आहे, त्याला अंगठा काहीच सांगत नाही. अर्धांगवायू झालेल्याची, पाठीच्या कण्याला इजा झालेल्याची तीच गत. ज्यांना कुंडाची सर्वांत जास्त ओढ असते, त्यांनाच भाजण्याची भीती सर्वांत जास्त असते. गरम पाण्याच्या टाक्यांतले तापमान चाळीस अंशांच्या आत ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे मार्गदर्शन आहे. गरोदर बाया, हृदयविकाराचे आणि रक्तदाबाचे रुग्ण यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उतरूच नये.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा साचलेल्या गरम पाण्यात वाढतो, सुमारे ४६ अंशांपर्यंत तग धरतो, आणि पाणी नाकात गेले तर मेंदूपर्यंत पोचून जीव घेतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण निघाले, तेव्हा हे नाव आपल्याकडे पोचले. इंग्लंडमधल्या बाथ या गावी १९७८ मध्ये एका मुलीचा याच आजाराने मृत्यू झाला. रोमन काळापासून ज्या पाण्यात लोक नाहत आले, ते पाणी त्यानंतर स्नानाला बंद झाले. नवे स्नानगृह उघडायला २००६ साल लागले. असा आजार फारच विरळा आहे, त्यामुळे घाबरून कुंड टाळण्याचे कारण नाही. डोके बुडवू नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये, इतकी खबरदारी पुष्कळ झाली. पण ती सांगणारे कुणी हवे.

जपानने सांगण्याची ही जबाबदारी कायद्याने लावली. तेथील १९४८च्या उष्ण झऱ्यांच्या कायद्यात झरा म्हणजे काय याची व्याख्या आहे: उगमाशी २५ अंशांहून गरम, किंवा ठरवून दिलेल्या खनिजांपैकी एखादे पुरेशा प्रमाणात असलेले पाणी. प्रत्येक स्नानगृहात पाण्यात काय आहे, कोणी उतरू नये आणि कोणती काळजी घ्यावी, याचा फलक लावावाच लागतो.

वीज की झरा

देशात भूऔष्णिक ऊर्जेची क्षमता १०,६०० मेगावॅट असल्याचा अंदाज सरकारी कागदांत वर्षानुवर्षे दिला जातो. प्रत्यक्षातली मजल लहान आहे. हिमाचलातल्या मणिकरणला ५ किलोवॅटचा प्रायोगिक संच झाला. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात १ मेगावॅटच्या प्रकल्पासाठी ओएनजीसीने २०२१ मध्ये करार केला. केंद्राचे भूऔष्णिक ऊर्जेचे धोरण २०२५ मध्ये आले. कोकणाचे नाव या चर्चेत आयआयटी मुंबईचे डी. चंद्रशेखरम् यांच्यासारख्या अभ्यासकांनी सातत्याने घेतले. त्यांच्या बाजूचा मुद्दा असा: शंभर-सव्वाशे अंशांच्या पाण्यावरही कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरून चक्र फिरवता येते, हा स्रोत रात्रंदिवस चालतो, कोळसा लागत नाही. वीज नाही जमली तरी काजू, मासळी, आमसुले वाळवायला ही उष्णता थेट वापरता येईल.

सावध गट न्यूझीलंडकडे बोट दाखवतो. वैराकेई येथे १९५८ मध्ये भूऔष्णिक वीज सुरू झाली आणि जवळच्या खोऱ्यातली उसळती कारंजी मेली. रोटोरुआ शहरात घरोघरी विंधनविहिरी खणून गरम पाणी उपसले जात होते. पोहुतू कारंज्याभोवतीच्या दीड किलोमीटरमधल्या विहिरी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने बंद करवल्या, तेव्हा झरे सावरू लागले. जपानमध्ये स्नानगृहांचे मालक वीजप्रकल्पांना विरोध करतात तो याच भीतीने. उलट उदाहरणही आहे: आइसलँडचे जगप्रसिद्ध ब्लू लगून हे एका वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यातूनच तयार झाले.

कोकणात अजून निवड करण्याची वेळ आलेली नाही, कारण खोल जाऊन पुरेसे मोजलेले नाही. ती येण्याआधी प्रत्येक झऱ्याचे तापमान आणि प्रवाह काही वर्षे सलग नोंदले गेले पाहिजेत, यावर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत व्हायला हरकत नसावी. आधीची नोंद नसेल, तर झरा क्षीण झाल्याचे नंतर सिद्ध कशाने करणार?

उघडे कुंड आणि बंद खोली

वज्रेश्वरीच्या आसपास गेल्या काही दशकांत दुसरा पर्याय उभा राहिला: हॉटेल किंवा लॉजमध्ये नळाने आणलेले गरम पाणी, फरशी बसवलेली न्हाणी, तासाच्या हिशेबाने भाडे. या सोयीचे समर्थक स्वच्छता आणि खासगीपणा पुढे करतात, आणि बायकांच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोठा आहे. उघड्या कुंडावर ओले लुगडे सावरत, आडोसा शोधत कपडे बदलायचे, यात कसला आराम? विरोधकांचे म्हणणे असे की, उपसा वाढला की सार्वजनिक कुंड आटेल, आणि जे देवाचे म्हणून फुकट होते ते पैसेवाल्याचे होईल.

कायदा येथे स्पष्ट नाही. जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे, ही १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अजून टिकून आहे. महाराष्ट्राचा २००९चा भूजल कायदा उपशावर नियंत्रणाची चौकट देतो, पण त्याची सगळी दृष्टी पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्यावर आहे. गरम झऱ्याजवळ विंधनविहीर खणायची तर वेगळी परवानगी हवी, असा जपानसारखा स्वतंत्र नियम आपल्याकडे नाही.

दुसऱ्या टोकाला सार्वजनिक कुंडांची निगा आहे. साबण, कपडे धुणे, प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य. पावसाळ्यात नदीकाठची कुंडे पुराच्या गाळाने भरतात. ती उपसायची कुणी, देवस्थानाने, ग्रामपंचायतीने की सरकारी खात्याने, याचे उत्तर गावागणिक बदलते.

पायऱ्या

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. त्यात गुडघ्यांनी थकलेले लाखो वृद्ध धरलेले नाहीत. प्रवासाच्या बाजूने राज्यात थोडे घडले आहे. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७४ वयाच्यांना अर्धे तिकीट आहे, आणि २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे. त्यामुळे घराबाहेर न पडणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या बाया देवदर्शनाला निघू लागल्या. गाडीची पायरी मात्र उंचच राहिली. कोकण रेल्वेचे अरवली रोड स्थानक झऱ्यांच्या गावाला जवळ आहे, पण तेथून कुंडापर्यंत चाकाची खुर्ची न्यायची तर रिक्षा आणि दोन धट्टीकट्टी माणसे लागतात.

अडचण खरी सुरू होते ती कुंडावर. कुंड म्हणजे बांधीव खड्डा. पाणी जमिनीच्या पातळीच्या खाली, आणि त्यात उतरायचा एकच मार्ग पायऱ्यांचा. या रचनेला कारण आहे: झरा तळातून येतो, पाणी साठायला खोलगट जागा हवी. तरी कठडा, खरखरीत फरशी, पाण्याखालच्या शेवटच्या पायरीवर पिवळा पट्टा, या गोष्टी कोणत्याही कुंडाला लावता येण्यासारख्या आहेत.

याहून अवघड अडचण भिंतीची आहे. बहुतेक ठिकाणी पुरुषांचे आणि बायकांचे कुंड वेगळे असते. लाजेचा आणि सुरक्षिततेचा विचार करता ते योग्यच. पण अर्धांगवायू झालेल्या बाईला रोज उचलून बसवणारा तिचा नवरा असतो, आणि तो तिच्याबरोबर आत जाऊ शकत नाही. चाकाच्या खुर्चीतल्या तरुण मुलाची काळजी घेणारी त्याची आई असते. तिला पुरुषांच्या कुंडाच्या दारात थांबावे लागते. आत अनोळखी माणसे मदतीला धावतात, हे आपल्या समाजाचे चांगलेपण आहे. तरी ओल्या फरशीवर अनोळखी हातांनी उचलले जाणे प्रत्येकाला आवडेल असे नाही.

जपानी झऱ्यांच्या गावांत याला एक तोड निघाली: एका कुटुंबाने तासभर राखून घ्यायची छोटी न्हाणी. बेप्पू या गावाची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १९६४च्या टोकियो पॅरालिंपिकसाठी झटणारे डॉ. युताका नाकामुरा यांनी १९६५ मध्ये बेप्पूला अपंगांना काम देणारी संस्था काढली. चाकाच्या खुर्चीतले अनेक लोक त्या गावात राहू, कमावू लागले. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गरम झऱ्यांच्या गावांपैकी हे एक. अपंग माणूस तेथे पाहुणा म्हणून आला नाही, रहिवासी म्हणून आला, आणि मग दुकाने, रस्ते, न्हाण्या त्याच्याकडे पाहून बदलू लागल्या.

आपल्याकडचा उपाय कदाचित याहूनही साधा आहे. मराठी माणसाची आंघोळ मुळात बुडी मारण्याची नाही. पाटावर बसून तांब्याने पाणी घेण्याची आहे. उंच ओट्यावर हौद बांधून त्यात झऱ्याचे पाणी निववत आणले, हौदाचा कठडा खुर्चीच्या बैठकीइतका उंच ठेवला, शेजारी पाठ टेकायला भिंत आणि धरायला आडवी नळी दिली, तर माणसाला खाली उतरवण्याऐवजी पाणी त्याच्यापर्यंत येते. तापमान हौदात जुळवता येते आणि भाजण्याची भीती जाते. एका माणसाला दोन-तीन बादल्या पुरतात, त्यामुळे झऱ्यावर ताणही पडत नाही.

यावर श्रद्धेच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा: कुंडात उतरणे हेच स्नान, बादलीतले पाणी म्हणजे नुसते गरम पाणी. त्याचे उत्तरही परंपरेतच आहे, असे मला वाटते. काशीची गंगा गडूत बंद होऊन आपल्या देवघरात येते आणि शेवटच्या घोटाला तिचे पाणी चालते. तिथे गंगा तीच राहते, मग झऱ्यापासून दहा पावलांवर आलेले पाणी वेगळे कसे होईल? पण हा निर्णय बाहेरच्याने सांगून होणार नाही. गावातले पुजारी आणि नेहमी येणारे भाविक यांनीच तो घ्यायचा आहे.

दुसरा आक्षेप वारशाचा. जुन्या दगडी कुंडांना सिमेंट फासून अनेक ठिकाणी आधीच विद्रूप केले आहे. आणखी उतार आणि नळ्या नकोत. ही काळजी रास्त आहे. जुने कुंड जसेच्या तसे राखून शेजारी नवा ओटा बांधणे, हा त्यातला मधला मार्ग दिसतो. जागा असेल तिथे तो जमेल. नदी आणि देऊळ यांच्या मध्ये चेपलेल्या कुंडांवर जमणार नाही.

अजून न सुटलेले

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतीची व्याख्या रुंद केली. सरकारी असो वा खासगी, लोक जेथे धार्मिक कार्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी येतात ती इमारत तिच्यात मोडते, आणि ती सुगम करणे बंधनकारक आहे. या कायद्याखालच्या सुगमतेच्या नियमाची भाषा मात्र शिफारशीची होती. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान आवश्यक मानके सक्तीची करण्यास केंद्राला सांगितले.

कुंड यात बसते का? भिंती आणि छप्पर असलेली न्हाणी इमारत ठरेल, यात शंका घेण्याचे कारण दिसत नाही. लॉजमधली भाड्याची खोलीही ठरेल. उघड्यावरचे, चार दगडी पायऱ्यांचे, देवस्थानाच्या मालकीचे कुंड इमारत की निसर्ग, हे अजून कुठल्या न्यायालयापुढे आलेले नाही असे धरून चालावे लागते. ते निसर्ग ठरले तर जबाबदारी कुणाचीच नाही. इमारत ठरले तर खर्च देवस्थानाचा, आणि वर्षाला काही हजारांची दानपेटी असलेल्या तुरळ-राजवाडीसारख्या छोट्या गावांतल्या देवस्थानाने तो कुठून आणायचा, हा प्रश्न उभा राहतो. पर्यटनाचा निधी मोठ्या, नावाजलेल्या ठिकाणांकडे वळतो, असा या गावांचा अनुभव आहे.

तोवर एक काम कायद्याची वाट न पाहता होऊ शकते. कुंडापाशी एक फलक लावायचा आणि त्यावर आजचे तापमान, पाण्यातील घटक, कोणी उतरू नये आणि किती पायऱ्या आहेत हे लिहायचे. पायऱ्यांची संख्या आधी कळली तर घरातून निघतानाच आजीबरोबर कोण यायला हवे ते ठरवता येते. तापमान रोज सकाळी खडूने लिहिले आणि वहीत उतरवले, तर भूवैज्ञानिकांना हव्या असलेल्या सलग नोंदीही त्याच वहीत तयार होतील. एक तापमापक, एक वही आणि ते काम करणाऱ्या माणसाचे मानधन, इतकाच त्याचा खर्च आहे. ग्रामपंचायत, देवस्थान आणि भूजल विभाग या तिघांपैकी ते कुणी सुरू करायचे, हे अजून ठरलेले नाही.